सोफ्यातली चिल्लर

खिळेबाईंशी भाव करायला गेलेला माणूस हात हलवत परत येतो, हे त्या रस्त्यावर लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. कारण अगदी साधं. गिऱ्हाइकाने दुकानात पाऊल टाकलं रे टाकलं की बाई मूठभर बारीक खिळे तोंडात टाकायच्या. सोफे दुरुस्त करणाऱ्या जुन्या लोकांची ती पद्धतच आहे. खिळे गालात धरायचे, जिभेने एकेक पुढे सरकवायचा, हातोडीच्या चुंबकी टोकावर घ्यायचा आणि ठोकायचा; दुसरा हात कापड ताणायला मोकळा राहतो. बाईंना मात्र या पद्धतीचा आणखी एक फायदा फार पूर्वीच कळला होता. गिऱ्हाईक म्हणायचं, जरा कमी करा. बाई म्हणायच्या, "अंहं." गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानाचा भाव सांगायचं, आपल्या घरची अडचण सांगायचं, मग नुसतंच उभं राहायचं. बाई ठोकत राहायच्या. शेवटी ते बिचारं कंटाळून कबूल व्हायचं, आणि बाई खिळे हातावर काढून घेऊन अतिशय गोड आवाजात विचारायच्या, "कापड कोणतं दाखवू?"

त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवरही नव्हतं. पाटीवर वडिलांचं नाव होतं, तेही अर्धं उडालेलं. पाटी रंगवायची म्हणजे पैसे घालवायचे, आणि ते बाईंना जमत नसे. उगाच चिकट म्हणू नका हो त्यांना. लोक म्हणत, पण लोकांचं काय जातं? बाई कुणाचा पैसा बुडवत नसत, मालात काथ्याऐवजी चिंध्या भरत नसत, आणि दारी आलेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नसत. फक्त स्वतःवर खर्च करायची वेळ आली की त्यांचा हात आखडायचा. घरात चार लाकडी खुर्च्या होत्या, त्यांच्यावर साधी गादीसुद्धा नव्हती. गावभर लोकांना मऊ बसवणारी ही बाई स्वतः फळीवर बसून जेवायची.

याचं मूळ त्यांच्या वडिलांत होतं. वडील कारागीर पहिल्या नंबरचे आणि उधळे त्याहून पहिल्या नंबरचे. सोफा उघडला की त्याच्या सांदीत काय काय सापडतं, हे हा धंदा करणाऱ्यालाच माहीत. कंगवे, पेन्सिली, शेंगदाण्याची टरफलं, कुणाचा तरी दुधाचा दात, आणि चिल्लर. चिल्लर तर हमखास. अंगठी किंवा कानातलं निघालं तर वडील हातातलं काम टाकून ते परत करायला जायचे. चिल्लर मात्र कारागिराची, हा धंद्याचा रिवाज. आणि ती चिल्लर घरखर्चात घालायची नाही, हा वडिलांचा स्वतःचा कायदा. ते म्हणायचे, माणूस ताठ बसला की खिशातून काही पडत नाही, आरामात पसरला की पडतं. हे आरामातून पडलेले पैसे आहेत, ते आरामातच गेले पाहिजेत. मग संध्याकाळी पोरांना घेऊन निघायचे ते आइस्क्रीम, फिरता पाळणा, सिनेमा असं सगळं करून, मुठी झाडूनच परत यायचे. चिल्लर कमी पडली तर त्यात मजुरीची भर घालायचे. बाईंना ते पाळणे अजून आठवत. वर गेलं की दुकानाचं छप्पर दिसायचं आणि वडील तिकडे बोट दाखवून म्हणायचे, बघ, आपली दौलत.

मग एका हिवाळ्यात वडील आजारी पडले आणि घरात औषधापुरतेही पैसे नाहीत असं निघालं. आई शेजाऱ्यांकडे हात पसरत फिरली. थोरल्या मुलीला, म्हणजे आपल्या खिळेबाईंना, त्या दारादारांतली माणसांची तोंडं कायमची लक्षात राहिली. वडील गेले. सतरा वर्षांच्या मुलीने हातोडी उचलली, पहिल्याच दिवशी खिळे तोंडात धरले आणि त्याच दिवशी कानाला खडा लावला. पुढे सोफ्यातून निघालेला प्रत्येक पैसा डब्यात पडला आणि डब्यातून बँकेत गेला. आरामबिरामाचा कायदा तिने मोडीत काढला.

आणि तिचं चुकलं असं कोण म्हणेल? लग्नानंतर काही वर्षांनी तिच्या यजमानांचा कारखाना दीड वर्ष बंद पडला. शेजारपाजारच्या बायका दागिने घेऊन सराफाकडे जात होत्या, तेव्हा बाईंच्या घरी दोन्ही वेळची चूल पेटत होती आणि मुलीची फी वेळेवर जात होती. यजमान ते कधी विसरले नाहीत. कुणी बायकोच्या चिकटपणावर बोललं की ते शांतपणे सांगायचे, "तिने राखलं म्हणून आम्ही राहिलो."

यजमान बाटल्या भरायच्या कारखान्यात कामाला होते. पट्ट्यावरून हजारो बाटल्या एकमेकींवर आपटत जायच्या. तिथे बोलायचं म्हणजे दुसऱ्याच्या कानाला तोंड लावून ओरडायचं. यजमान मुळातच कमी बोलणारे, त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही. त्यांना एकच वेड होतं, व्हायोलिनचं. स्वतःला वाजवता येत नव्हतं. लग्नाआधी गावातल्या मोठ्या सभागृहात सर्वांत मागे उभं राहायचं तिकीट काढून ते एका वादकाला ऐकायला जायचे. तेव्हा तो वादक तरुण होता आणि हेही. पाय भरून यायचे, पुढच्याच्या डोक्याआडून नुसता हलणारा गज दिसायचा, पण यजमान दुसऱ्या दिवशी दिवसभर कारखान्यात त्या सुरांवर चालायचे. लग्न झालं, मुलगी झाली, उभ्याचं तिकीटही बंद झालं. मग रेडिओवर काय लागेल ते ऐकायचं.

साठी उलटली तेव्हा बाटल्यांनी आपला हिशोब मागितला. डावा कान गेला. उजव्याने बोलणं ऐकू यायचं, पण कुकरची शिट्टी यायची नाही, दाराची घंटा यायची नाही. बाई रस्त्याने चालताना नकळत त्यांच्या उजव्या हाताला येऊ लागल्या. कानाच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून समजावलं. बारीक, उंच आवाज आधी जातात, उरलेलेही हळूहळू जातील. यंत्र लावा, माणसांशी बोलता येईल, घरात हाका ऐकू येतील. यजमानांनी विचारलं, व्हायोलिन? डॉक्टर भले होते, त्यांनी खोटं सांगितलं नाही. म्हणाले, यंत्रातून वाजेल, पण पत्र्याच्या डब्यातून वाजल्यासारखं. मनापासून ऐकायचं असेल तर आहे त्या कानाने लवकर ऐकून घ्या.

यंत्र चांगलंच महाग होतं. बाईंनी त्याच दिवशी त्याच्यासाठी वेगळा डबा केला आणि तोंडात खिळे धरून कंबर कसली.

मागच्या वर्षी तो वादक गावात आला होता. यजमानांनी हळूच विषय काढला होता. बाई म्हणाल्या होत्या, "बघू." त्यांच्या घरात बघू म्हणजे नाही, हे मांजरालासुद्धा कळलं असतं. या वर्षी तो पुन्हा येणार अशा जाहिराती भिंतींवर लागल्या, आणि आता हा शेवटचाच दौरा, हातात ताकद उरलेली नाही, असं त्याने जाहीर करून टाकलं होतं. यजमान रात्रीच्या जेवणाला बसले असताना म्हणाले, "पुढच्या रांगेत नको. मधे कुठेतरी. उभं राहणं आता जमणार नाही, म्हणून."

बाईंनी ताटातून मान वर केली नाही. त्यांनी सरळ सांगितलं की यंत्राला अजून कमी पडतंय, आणि दोन तिकिटं म्हणजे तेवढंच यंत्र लांबलं. एक संध्याकाळ ऐकायचं की रोज ऐकायचं, हे तुम्हीच ठरवा. यजमानांनी थोडा विचार केला आणि मान डोलावली. "बरोबर आहे तुझं," म्हणाले, आणि पाणी प्यायले. ते भांडले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. बाई भांडणात कधी हरत नसत. पण हा माणूस भांडलाच नाही.

त्याच आठवड्यात मोजणीकाकांचा सोफा दुकानात आला.

मोजणीकाका म्हणजे जमिनीच्या मोजणी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. एकेकाळी त्यांच्या साखळीने अर्ध्या गावाच्या हद्दी ठरवल्या होत्या. दोन महिन्यांपूर्वी त्यांची बायको गेली. सोफा टेम्पोतून आला आणि त्याच्या मागोमाग काका स्वतः चालत आले. काम होईपर्यंत इथेच बसतो म्हणाले. घरात करमत नाही असं काही ते बोलले नाहीत, पण बाईंना कळलं. त्यांनी स्टूल पुढे केलं आणि चहा सांगितला.

सोफा पाहून बाई चकित झाल्या. जुन्या बनावटीचा, सागवानी हातांचा, कापड गर्द निळं आणि अगदी कोरं. कुठे डाग नाही, कुठे झिजलेलं नाही. हाताच्या टोकांवर, जिथे माणसाचे पंजे पडून कापड काळं होतं, तिथेही तस्साच रंग. बाईंना वाटलं, म्हाताऱ्याला उगाच खर्चात पाडण्यात अर्थ नाही. त्यांनी तसं सांगूनही टाकलं. काका म्हणाले, "बसून बघा ना."

बाई बसल्या आणि थेट खालच्या फळीवर आदळल्या. शिवणीतून पिवळी भुकटी उडाली.

त्यांनी खिळे तोंडात घेतले, पक्कड उचलली आणि कापड सोडवायला सुरुवात केली. आत फोम राहिलाच नव्हता. होती ती नुसती बेसनासारखी भुकटी, हात लावला की ढासळणारी. फोमचं हे असंच असतं. त्यावर बसा नाहीतर बसू नका, वयाप्रमाणे तो जातोच. बाईंनी भुकटी पोत्यात भरली आणि सवयीने सांदी चाचपली. डाव्या हाताची सांद, उजव्या हाताची, पाठीमागची. मग स्प्रिंगांच्या खाली. मग गोणपाट उचलून पुन्हा एकदा. त्यांच्या कपाळाला आठी पडली. सगळं आयुष्य सोफे उघडण्यात गेलं होतं, गरिबांचे, श्रीमंतांचे, दवाखान्यातले, हॉटेलातले. आत काहीच नाही असा सोफा त्यांनी पाहिला नव्हता. चिल्लर सोडा, शेंगदाण्याचं टरफल नाही, केसातली पीन नाही, विड्याची सुपारीसुद्धा नाही.

काका स्टुलावरून पाहत होते. काय शोधताय, त्यांनी विचारलं. हरवलेलं काही नाही माझं.

बाईंनी खिळे हातावर काढले. एरवी गिऱ्हाइकाला या गोष्टी त्या सांगत नसत, पण का कोण जाणे, त्यांनी वडिलांचा सगळा कायदा काकांना सांगितला. आरामातून पडलेले पैसे, फिरता पाळणा, सगळं. काका शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग सोफ्याच्या उघड्या सांगाड्याकडे बघत म्हणाले, "आम्ही बसलोच नाही हो त्याच्यावर."

मग थांबत थांबत त्यांनी सांगितलं. सोफा बायकोच्या आवडीचा. रंग तिने निवडला होता, दुकानात तीन खेपा घालून. घरी आल्यावर तिने त्यावर चादर घातली आणि समोर दोन वेताच्या खुर्च्या मांडल्या, बसायला. पाहुणे आले की चादर काढायची असं ठरलं होतं. पाहुणे यायचे. मग ती म्हणायची, हे आपले नेहमीचेच, यांना काय करायचा सोफा. कुणी मोठं आलं की काढू. काकांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट वस्तू जपणारी बायको मिळाली म्हणून चार लोकांत ते सांगायचे.

"परवा मी चादर काढली," काका म्हणाले. "म्हटलं, आता तीच नाही तर मोठं कोण यायचंय? आणि बसलो, तर हे असं."

ते हसले. खरंच हसले, स्वतःलाच. बाईंना मात्र हसू आलं नाही. त्यांनी सोफ्यात नवा फोम घालायचं ठरवलं आणि जो भाव सांगितला तो इतका कमी होता की काकांनीच तो वाढवायला सांगितलं. खिळेबाईंच्या दुकानात असा उलटा भाव पहिल्यांदाच झाला.

संध्याकाळी काका घरी गेल्यावर बाईंनी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि शिडी लावून माळ्यावर चढल्या. माळ्यावर मागच्या कोपऱ्यात, जुन्या कापडांच्या खाली, चांगल्या प्रतीच्या फोमची एक लादी होती. मुलीचा जन्म झाला त्या वर्षी त्यांनी ती बाजूला काढून ठेवली होती, घरच्या खुर्च्यांना गाद्या करायच्या म्हणून. सोबत मखमल, विटकरी रंगाची. गिऱ्हाइकांचं उरकलं की करू, सणावाराचं संपलं की करू, मुलीचं लग्न झालं की करू. फोम कसा जातो हे त्या उठता-बसता लोकांना सांगत होत्या. पण ही लादी आपली आहे, राखलेली आहे, तिला काही व्हायचं नाही, असं त्यांनी कसं कोण जाणे धरून ठेवलं होतं. त्यांनी लादीवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला, बाहेर आला आणि खड्डा तसाच राहिला.

त्या तिथेच माळ्यावर बसल्या. त्यांना त्या लादीचं वाईट वाटलं नाही, तेवढा फोम त्या पुन्हा घेऊ शकत होत्या. त्यांना यजमान आठवले, ताटासमोर मान डोलावणारे. पैसे राखले तर राहतात, हे त्यांनी आयुष्यभर करून दाखवलं होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण कान राखून ठेवता येत नाही. वाट बघण्यातच तो संपत होता. एवढी साधी गोष्ट आपल्याला फोमवर अंगठा ठेवल्याशिवाय कळू नये, याचा त्यांना स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी त्या सभागृहाच्या तिकीट खिडकीशी उभ्या होत्या. सवयीने जीभ गालात खिळे शोधत होती, पण खिळे नव्हते आणि भाव करायची सोयही नव्हती. आतल्या मुलीने मधल्या जागा दाखवल्या. बाईंनी विचारलं की रंगमंचाकडे तोंड केल्यावर डाव्या टोकाला काय आहे. मुलगी म्हणाली, तिथून नीट दिसत नाही काकू, वाजवणाऱ्याची पाठ दिसेल जरा.

"बघायचंय कोणाला?" बाई म्हणाल्या. "उजवा कान त्याच्याकडे झाला पाहिजे."

तिकिटं त्यांनी घरी यजमानांच्या ताटाशेजारी ठेवली. यजमानांनी चष्मा लावून ती वाचली, उलटीसुलटी केली, पुन्हा वाचली. मग म्हणाले, "आणि यंत्र?"

"यंत्र दोन-तीन महिन्यांनी येईल. तोवर मी ओरडेन," बाई म्हणाल्या. "त्या वादकाचे हात आपल्यासाठी थांबायचे नाहीत आणि तुमचा कानही थांबायचा नाही."

यजमानांनी तिकिटं खिशात घातली, मग काढून शर्टाच्या आतल्या खिशात घातली.

कार्यक्रमाला बाईंनी घरून पाण्याची बाटली आणि डबा नेला होता. तिथल्या चहाचा भाव बघून त्यांनी जाहीरपणे नाक मुरडलं. सगळंच काही एका दिवसात बदलत नाही, आणि बदलूही नये. ठरल्याप्रमाणे यजमानांचा उजवा कान रंगमंचाकडे राहिला आणि बाई त्यांच्या डाव्या हाताला बसल्या. कित्येक दिवसांत त्या त्यांच्या त्या बाजूला गेल्याच नव्हत्या.

म्हातारा वादक दोघांच्या आधाराने आला. एकदा खुर्चीत बसला आणि व्हायोलिन हनुवटीखाली धरलं, की मग म्हातारा राहिला नाही. बाईंना सुरांतलं काही कळत नव्हतं. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. यजमानांनी डोळे मिटले होते आणि खुर्चीच्या हातावर त्यांचं एक बोट सुरांबरोबर हळूहळू हलत होतं. सूर खाली आले की बोट संथ, चढले की घाईत. मग वादकाने एकदा सूर असा काही वर नेला, वर, आणखी वर, की सगळं सभागृह श्वास धरून बसलं.

यजमानांचं बोट थांबलं.

गज अजून चालत होता. बाईंना तो बारीक सूर स्पष्ट ऐकू येत होता. यजमान डोळे मिटून, चेहरा पुढे करून, जणू दारामागून काही ऐकू येतंय का असं लक्ष लावून बसले होते, आणि बोट थांबलेलंच होतं. मग सूर उतरला, आणि बोट पुन्हा चालू लागलं. यजमानांच्या चेहऱ्यावर तक्रारीचा लवलेशही नव्हता. मिळालं तेवढ्याने त्यांचा चेहरा उजळून निघाला होता, आणि ते बघून बाईंचे डोळे भरून आले.

"मागच्या वर्षीच यायला हवं होतं," त्या म्हणाल्या, नेहमीच्या आवाजात. डावा कान होता तो. यजमानांना काही ऐकू गेलं नाही.

कार्यक्रम संपला आणि दिवे लागले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. बाईंचा हात सवयीप्रमाणे आपल्या खुर्चीच्या सांदीत गेला. आत गोळीचा कागद होता, एक पीन होती, आणि तळाशी एक नाणं होतं. बाईंनी ते बोटाने चाचपलं आणि तिथेच राहू दिलं. मग त्यांनी पर्स उघडली, आपलं एक नाणं काढलं आणि त्याच्या शेजारी सोडलं.

यजमानांनी ते पाहिलं. टाळ्या थांबवून ते वाकले. "अगं, तुझं काहीतरी पडलं आत."

बाई त्यांच्या समोरून वाकून उजव्या कानाशी गेल्या.

"पडू द्या," त्या म्हणाल्या.